वावर विकायला सांगणारा मेसेज

दिवाळीपासून तो मेसेज आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या, दूध डेअरीच्या, आणि कुणाच्या तरी लग्नासाठी काढलेल्या आणि नंतर बंद करायचा राहून गेलेल्या ग्रुपवरसुद्धा. माझं सेवा केंद्र राळेगावकडच्या एका खेड्यात आहे. सातबारा, पीक विमा, फार्मर आयडी, पीएम किसानची केवायसी, असली कामं. माणसं खिशातून आधार कार्ड काढता काढता मोबाईल पुढे करतात आणि विचारतात, "हे खरं हाय का गा?" रोज तेच तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मेसेजचा गोषवारा असा. रुपया रोज वितळतो आहे. बिटकॉइन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं, हातात न धरता येणारं नाणं, जगात फक्त २ कोटी १० लाखच निघणार, म्हणून त्याचा भाव वरच जाणार. २०१५ मध्ये चार लाखांचं एक एकर विकून बिटकॉइन घेतले असते, तर २०२५ मध्ये चोवीस कोटी झाले असते. बँक जमीन जप्त करते, बिटकॉइन कुणी जप्त करू शकत नाही. सरकार ३० टक्के कर घेतं, म्हणजे सरकारची मान्यता आहे. अमेरिका साठा करते आहे आणि आपण कोरडवाहू एकर कवटाळून बसलो आहोत. यात ना बँक, ना अडत्या, ना मधला माणूस. खाली एक लिंक आणि लिंकसोबत रेफरल कोड. तो कोड टाकून तुम्ही आत गेलात की पाठवणाऱ्याच्या खात्यात कमिशन पडतं. पण माणूस कमिशनसाठी बोलतो म्हणून तो खोटंच बोलतो असं नाही. बियाण्याचा एजंटही कमिशनवरच असतो, आणि बियाणं कधी कधी चांगलं निघतं. म्हणून मुद्द्यांकडेच बघू.

"२०१५ मध्ये घेतले असते तर..."

हे गणित मी स्वतः करून पाहिलं. ते बरोबर आहे. २०१५ च्या मध्याला एक बिटकॉइन अडीचशे डॉलरच्या आसपास होता, म्हणजे सोळा-सतरा हजार रुपये. चार लाखांत चोवीस आले असते. २०२५ मध्ये भाव एक लाख वीस हजार डॉलरच्या वर गेला, म्हणजे नगाला कोटीभर रुपये. चोवीस कोटी. इथे भांडण नाही.

भांडण आहे ते मधल्या दहा वर्षांबद्दल. मेसेजमधला कास्तकार २०१५ मध्ये वावर विकतो आणि एकदम २०२५ मध्ये डोळे उघडतो. मधे त्याच्या घरी लग्न नाही, दवाखाना नाही, बैल मरत नाही, बोंडअळी येत नाही. आता खरी वर्षं पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये भाव वीस हजार डॉलरच्या जवळ होता, वर्षभरात तो सव्वातीन हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजारांच्या आसपास, पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांच्या खाली. आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा महिना म्हणजे जून २०२२. महिना लागला तेव्हा भाव तीस हजार डॉलरच्या वर होता. १८ जूनला तो अठरा हजारांच्या खाली गेला. १८ जून म्हणजे मृगाचे दिवस. बियाण्याच्या पिशव्या आणि डीएपीसाठी घरातला पै-पैसा बाहेर काढायची वेळ. ज्याचा हंगाम ठरलेल्या पंधरवड्यात असतो, त्याला "थांबा, परत वर येईल" हे सांगून काय उपयोग? बाजार थांबेल, पाऊस थांबत नाही.

माझंच सांगतो. २०२१ च्या दिवाळीत मी दहा हजार टाकले होते. पुढच्या दिवाळीत त्याचे साडेतीन हजारांच्या आत-बाहेर उरले. धीर सुटला आणि विकले. नंतर भाव परत चढला, तेव्हा बायकोने तो विषय महिनाभर पुरवून पुरवून काढला. माझं घर रोजच्या झेरॉक्सवर चालतं, पेरणीवर नाही. तरी मला दहा हजारांवर एक वर्ष धरवलं नाही. एकर विकलेल्या माणसाने दहा वर्षं धरलं असतं असं समजायला मी तयार नाही.

आणि धरलं असतं तरी ते ठेवलं कुठे असतं, हा प्रश्न आहेच. जपानमधलं माउंट गॉक्स हे एकेकाळी जगातलं सगळ्यात मोठं बिटकॉइनचं दुकान. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बसलं, साडेआठ लाखांच्या आसपास नाणी गायब. त्यातल्या लोकांना परतफेड सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे असलंच परदेशी दुकान बुडालं. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्समधून तेवीस कोटी डॉलरच्या आसपासचा माल चोरीला गेला. मेसेजमध्ये यांपैकी एकाचंही नाव नाही, कारण जो बुडाला तो रेफरल कोड वाटत फिरत नाही.

"रुपया वितळतो आहे"

वितळतो. हे सांगायला मोबाईल लागत नाही, किराणा लागतो. सरकारनेच रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगितलं आहे, शून्यावर नाही. म्हणजे पेटीत ठेवलेली नोट दरवर्षी थोडी झिजणार, हे ठरवूनच.

पण मग विकायला काय सांगता? वावर! रुपया वितळतो म्हणून नोटा विका म्हणाला असता तर समजलो असतो. वावर काय नोटांचं केलेलं आहे? आमच्या काकांनी मेसेज वाचून एवढंच विचारलं, "रुपयाले ताप आला तं मी वावराले कायले सुई टोचू?" मला याहून चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

कास्तकाराचं खरं दुखणं वेगळं आहे. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये ४०५० रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८११० झाला. अकरा वर्षांत दुप्पट. वेचणीची मजुरी, फवारणी, ट्रॅक्टरची नांगरटी यांचे तेव्हाचे आणि आताचे दर प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावेत. दुप्पटीवर थांबलेलं फारसं काही सापडणार नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत; म्हणजे नेमका आपला माल बाजारात यायच्या दिवसांत. हे दुखणं भावाचं आणि धोरणाचं आहे. त्यावर भांडायचं तर ते बाजार समितीत आणि संसदेत भांडावं लागेल. बिटकॉइन घेतल्याने हिंगणघाटच्या लिलावात क्विंटलमागे एक रुपयाही वाढत नाही.

"फक्त २ कोटी १० लाख"

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण हा मुद्दा शिकलेल्या पोरांनाही पटतो.

आमच्या गावात दमण्या, म्हणजे बसून जायच्या हलक्या बैलगाड्या, दोनच उरल्या आहेत. दमणी करणारा सुतार गेला, त्याचं पोरगं फर्निचरच्या कामाला वर्ध्याला. म्हणजे दमणीचा पुरवठा मर्यादित नाही, पार बंदच झाला आहे. तरी एका दमणीवर कोंबड्या बसतात आणि दुसरीला पोळ्याच्या दिवशी हात लागतो. कमी आहे म्हणून महाग होत नाही. कमी असून पाहिजे असेल तर महाग होतं, आणि पाहिजे असणं हे लोकांच्या मनावर आहे. बिटकॉइन २ कोटी १० लाखच निघतील, हे खरं. पण दुसरी नाणी काढायला कुणाचीच मनाई नाही आणि ती हजारोंनी निघाली आहेत.

हे झालं वरवरचं. खरी गोम पुढे आहे. समजा मेसेजवाल्यांचं स्वप्न खरं झालं, सगळा व्यवहार बिटकॉइनमध्ये आला आणि पीककर्जही त्यातच मिळायला लागलं. जून २०२० मध्ये पेरणीला एक बिटकॉइन उचलला असता, तर त्याची किंमत साडेनऊ हजार डॉलरच्या आसपास होती. मार्च २०२१ मध्ये, कापूस विकून झाल्यावर परत करायला गेलात, तर तोच बिटकॉइन पन्नास हजारांच्या वर. व्याज शून्य धरलं तरी कर्ज पाचपट. त्या हंगामात कापसाचा हमीभाव होता ५८२५ रुपये. आपल्याकडे दिडीने देणारा सावकार दीडपट घेतो आणि आपण त्याला शिव्या देतो. या हिशोबात तो संत ठरेल.

म्हणजे पैसा जितका दुर्मिळ, तितका ज्याच्याकडे तो साठवलेला आहे त्याचा फायदा आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचं मरण. हे नवीन नाही. अमेरिकेत १८७३ नंतर वीस-बावीस वर्षं हेच झालं. पैसा सोन्याला बांधलेला, सोनं मर्यादित, शेतमालाचे भाव घसरत गेले आणि कर्जाचे आकडे तसेच उभे राहिले. तिथला कापूसवाला आणि गहूवाला शेतकरी रस्त्यावर उतरला तो पैसा कमी करा म्हणून नाही, वाढवा म्हणून. चांदीचीही नाणी पाडा म्हणून. १८९६ मध्ये विल्यम जेनिंग्स ब्रायन नावाच्या पुढाऱ्याने त्यांच्या बाजूने भाषण केलं, की माणसाला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका. ते भाषण तिकडे आजही शिकवतात. कर्जबाजारी कास्तकाराला "मर्यादित नाणं तुझं भलं करील" म्हणणं, हे कोरडवाहूवाल्याला "कमी पावसाने तुझं पीक चांगलं येईल" म्हणण्यासारखं आहे.

आता जो कर्ज घेणारा नाही, देणारा आहे, त्याच्यासाठी मर्यादित नाणं उत्तमच. मेसेज त्याने लिहिला असेल तर प्रामाणिक आहे. फक्त सुरुवातीला "कास्तकार बांधवांनो" लिहायला नको होतं.

"कुणी जप्त करू शकत नाही" आणि "अमेरिका साठा करते आहे"

हे दोन मुद्दे मी मुद्दाम एका दावणीला बांधतो. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये बिटकॉइनचा सरकारी साठा जाहीर केला, हे खरं. पण तो साठा कशातून केला? गुन्ह्यांच्या खटल्यांत सरकारने जप्त केलेल्या बिटकॉइनमधून! ज्या साठ्याचा दाखला देऊन पुढची ओळ लिहिली, तो साठाच मागची ओळ खोटी पाडतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा तरी सलग वाचायला हवा होता.

काही मेसेजांत एल साल्वाडोरचंही नाव असतं. त्या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, आणि नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचं कर्ज घ्यायची वेळ आली तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढून टाकली. पुढे चला.

जप्तीपेक्षा हरवण्याची भीती मोठी आहे. बिटकॉइन स्वतःकडे ठेवायचा तर बारा किंवा चोवीस शब्दांची एक किल्ली असते. ती हरवली की संपलं. तहसीलदाराकडे अर्ज करून दुय्यम प्रत मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांतल्या चौघांना आधारला कुठला मोबाईल नंबर जोडला आहे ते आठवत नाही.

"३० टक्के कर घेतात, म्हणजे मान्यता"

कर म्हणजे मान्यता नव्हे. आयकर कायदा कमाई काळी की गोरी हे बघत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये, कर लावला तेव्हाच, अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं होतं की कर लावणं वेगळं आणि वैध ठरवणं वेगळं. बंदीही नाही, हेही तितकंच खरं; बँकांना असल्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केलं. म्हणजे कुंपणावर बसवून ठेवलं आहे, आणि कुंपणावरच्याचा माल गेला तर पोलिसांशिवाय तक्रार घ्यायला कुणी बसलेलं नाही.

पण तो कर कसा आहे ते बघा. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर उपकर. एका नाण्यात तोटा झाला तर दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विक्रीवर १ टक्का टीडीएस वेगळा. याउलट नगरपालिकेच्या हद्दीपासून कायद्यात दिलेल्या अंतराबाहेरचं शेत विकलं, तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ती कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. पिकाच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणजे हा मेसेज तुम्हाला बिनकराच्या वस्तूतून काढून अतिशय कडक कराच्या वस्तूत बसायला सांगतो, आणि तो कर हाच मोठेपणा म्हणून दाखवतो.

आणि ज्या गोष्टीबद्दल मेसेजात अवाक्षर नाही, ती सगळ्यात मोठी. वावर गेलं की नुसतं वावर जात नाही. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून सोसायटीतून पीककर्ज मिळतं, आणि मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतीतून तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार त्याच नावावर. पीक विमा त्याच नावावर. शेवटचं एकर विकलं की तुम्ही कायद्याने शेतकरी राहत नाही, आणि विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्याचं कलम ८९ बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बिटकॉइन विकून परत बिटकॉइन घेता येतो. वावर विकून परत वावर घ्यायला गेलात तर तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा मागतात. माझ्या केंद्रात असा दाखला शोधायला लोक येतात. आजोबाचा १९६० सालचा पेरेपत्रक उतारा मिळतो का म्हणून विचारतात, आणि मी रेकॉर्ड रूमचा पत्ता देतो.

"ना बँक, ना अडत्या, ना मधला माणूस"

हा मुद्दा शेवटी ठेवला, कारण त्याचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

खेड्यातून बिटकॉइन घ्यायचा रस्ता असा: बँक खातं, त्यावरून यूपीआय, पॅन, मग ॲप, ॲपची फी, टीडीएस. मधला माणूस गेला म्हणता म्हणता सहा झाले, आणि बँक सोडली तर एकाच्याही दुकानात जाऊन ठाण मांडून बसता येत नाही. अडत्या लबाड असेल, पण त्याचं दुकान यार्डात आहे आणि त्याच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आपल्या घरी येते.

ॲपचा कर नको म्हणून पोरांनी दुसरी वाट काढली. ती पी-टू-पी. नाणं थेट एकाने दुसऱ्याला द्यायचं, पैसे थेट खात्यात. आमच्या शेजारच्या गावातला एक पोरगा यूएसडीटी म्हणजे डॉलरशी बांधलेलं नाणं असं विकायचा, नगामागे दोन-तीन रुपये सुटायचे. खातं बापाचं, कारण पोराच्या खात्याची मर्यादा संपलेली. घेणारा कोण, त्याचे पैसे कुठले, हे कोण विचारतं? ते पैसे निघाले दुसऱ्या राज्यातल्या एका फसवणुकीचे. ज्याला फसवलं त्याने १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार केली, तिथल्या सायबर पोलिसांनी पैशाचा माग काढत बँकेला पत्र धाडलं आणि बापाचं खातं होल्डवर गेलं. बापाला बिटकॉइन हा शब्द नीट म्हणता येत नाही.

त्याच आठवड्यात त्याचा सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, दिलेल्या कापसाचा चुकारा त्याच खात्यात पडला. मोबाईलवर जमा झाल्याचा मेसेज आला, पण काढता येईना. तो माझ्याकडे पासबुक घेऊन आला, तेव्हा त्याला वाटत होतं की छपाईची चूक आहे. बँक म्हणते पोलिसांना विचारा. पोलीस ठाणं बाराशे किलोमीटरवर, बोलायची भाषा वेगळी. मी दोन अर्ज लिहून दिले, एक ईमेल केला, कापसाची पावती आणि सातबारा जोडला. उत्तर नाही.

मग तूर निघाली. हमीभावाच्या केंद्रावर द्यायची तर पैसे खात्यात येणार, आणि खातं तर अडकलेलं. त्याने गावात येणाऱ्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला तूर दिली. व्यापाऱ्याने खात्याची भानगड ऐकलेली होतीच. भाव पाडून घेतली, काटा त्याचाच, पैसे नगदी. पोराने पोती उचलून गाडीत भरली.